सिकुआनीतली दुपार

“बाटल्या वर!” मी माइकमध्ये ओरडले, आणि बसमधल्या चौदा जणांनी शाळेतल्या पोरांसारख्या आपापल्या पाण्याच्या बाटल्या उंच धरल्या.

पेरू देशातली गोष्ट. कुस्को शहरातून पुनोला निघालो होतो, टिटिकाका सरोवर बघायला. दिवसभराचा रस्ता, वाटेत दोन-तीन गावं आणि मध्ये ला राया नावाची खिंड, चौदा हजार फुटांवर. राक्ची गावातलं इंकांचं पडकं देऊळ बघून सगळे नुकतेच बसमध्ये चढले होते. टूर लीडर म्हणून माझी ही पहिलीच परदेशी टूर. पुण्यातल्या एका लहानशा ट्रॅव्हल कंपनीत सहा वर्षं ऑफिसात काढल्यावर, स्पॅनिशचे वर्ग करून करून, शेवटी ही संधी मिळाली होती. काही म्हणजे काही चुकू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं कसलं, धास्तीच घेतली होती!

निघण्याआधीच मी सगळ्यांच्या हातात दोन पानी सूचना ठेवल्या होत्या. उंचीवर पहिल्या दिवशी जिने धावत चढू नका. पोटभर जेवू नका. कोकाच्या पानांचा चहा प्या, पण पानं बॅगेत घालून घरी आणू नका. उन्हाला फसू नका, थंडी वाजत असली तरी नाक सोलून निघतं. कुणी पेयाचा पहिला घोट जमिनीवर सांडला तर हसू नका. ते लोक धरणीमातेला, पाचामामाला, देतात. आणि सगळ्यात वर, जाड अक्षरात: दिवसाला तीन लिटर पाणी. उंचीवरची हवा माणसाला वाळवून काढते. ही सूचना कोण पाळतं आणि कोण नाही, हे मी दर थांब्यानंतर तपासायची.

“मोकाशी काका, निम्मी बाटली? चालायचं नाही.”

“अहो, मला चालतंय, तुम्हाला का चालत नाही?” मोकाशी काका म्हणाले. ठाण्याचे निवृत्त इंजिनियर. कार्यक्रमाचा कागद घडी घालून खिशात, आणि दर तासाला तो काढून मला किती मिनिटं उशीर झाला ते सांगायचे. त्यांच्या शेजारी काकू, गोऱ्या, गोल, हसऱ्या. काकूंची बाटली रिकामी.

“आणि शेवटच्या सीटवर बघा,” मी म्हटलं. “चौगुले मावशी. कालपासून एकही बाटली शिल्लक नाही. शिका जरा!”

शेवटच्या सीटवरच्या चौगुले मावशींनी बाटली उलटी करून दाखवली. एक थेंब पडला नाही.

“पितो की मी. मॅडमनी सांगितलंय म्हटल्यावर प्याला नको?” त्या म्हणाल्या, आणि बस हसली. कोल्हापुरातली बाई ‘मी पितो’ म्हणते याची ठाण्या-पुण्याच्या लोकांना मोठी गंमत वाटायची.

चौगुले मावशी म्हणजे माझी आई. रत्नमाला चौगुले, वय वर्षं साठ. वडील एसटीत ड्रायव्हर होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी आईला कंडक्टर म्हणून घेतलं. गारगोटीकडून घाट उतरून कोकणात जाणाऱ्या गाडीवर तिनं सोळा वर्षं घंटी मारली आणि मला शिकवलं. या टूरमधली एक बाई आयत्या वेळी गळाली, तेव्हा मी आईला म्हटलं, चल. मात्र अट घातली होती. “तिथं मी लीडर आणि तू पॅसेंजर. लाड नाहीत. लोक म्हणतील, आईला मिरवायला आणलीय.”

“व्हय बाई,” आई म्हणाली होती. “वळख बी दाखवत न्हाई, मग तर झालं?”

आणि खरंच नाही दाखवली. सगळ्यांसमोर मला ‘मॅडम’ म्हणायची. सिकुआनीला जेवायला थांबलो तेव्हा तिनं बटाट्याच्या सुपाचे दोन चमचे कसेबसे घेतले आणि ताट सारलं. मी तिच्याकडे जायला निघाले. पण तेवढ्यात मोकाशी काका सुपात कोंबडी आहे का विचारायला आले, आणि मी तिकडे वळले. आज आठ-नऊ वर्षं झाली, तरी ते ताट सारलेलं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

जेवणानंतर चढ लागला. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, लांबवर बर्फाचे डोंगर, मध्येच मेंढ्यांसारख्या लोकरी अल्पाकांचे कळप. सगळे खिडक्यांना चिकटले होते. ला रायाच्या खिंडीत बस थांबली, लोक फोटोला उतरले, रस्त्याकडेला लोकरीच्या शाली मांडून बसलेल्या बायांशी खाणाखुणांनी घासाघीस सुरू झाली. मी माणसं मोजली. तेरा.

बसमध्ये गेले तर आई शेवटच्या सीटवर तशीच बसलेली. तोंड पांढरं, ओठांना भेगा.

“आई, काय होतंय? डोकं दुखतंय?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

“पुढं सरका, बाई,” ती म्हणाली. “दारात उभं ऱ्हाऊ नका. कुठं जायचं तुमास्नी?”

“आई, मी वैजू. वैजयंती!”

“पैसे सुट्टे द्या,” आई म्हणाली आणि मान एका बाजूला टाकली.

उंचीवर माणूस असंबद्ध बोलायला लागला की त्याचा मेंदू सुजत असू शकतो, हे मी टूर लीडरच्या कोर्समध्ये शिकले होते. त्यात माणूस काही तासांत जातो, हेही शिकले होते. मी बसमधला ऑक्सिजनचा सिलिंडर ओढून आणला, तिच्या नाकाला नळी लावली. ड्रायव्हर विल्बेरनं येऊन त्याची चावी फिरवली. विल्बेर पन्नाशीचा, कमी बोलणारा, गालावर उन्हानं करपलेले डाग. त्यानं आईचा हात हातात घेतला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, “खाली न्यायला पाहिजे. सिकुआनी. पाऊण तास.”

“अहो, मागे?” मोकाशी काका दारातून आत येत म्हणाले. त्यांच्या हातात तो कागद होताच. “पुनो मोठं शहर आहे. तिथं चांगलं हॉस्पिटल असणार. उद्या सकाळी सातला आपली बोट आहे. मागे गेलो तर सगळंच बोंबललं.”

“काका, पुनो तीन तास आहे, आणि तेही बारा हजार फुटांवर. मला आत्ता, या मिनिटाला, खाली उतरायचंय.”

“पण बाकीच्या तेरा लोकांनी काय करायचं?”

“बाकीच्या तेरा लोकांनी गप बसायचं! माझी आई आहे ही!” मी ओरडले. टूर लीडरनं असं बोलायचं नसतं. मला त्या वेळी काहीही वाटलं नाही.

“अहो, बसा ना मुकाट्यानं,” काकू नवऱ्याला म्हणाल्या आणि येऊन आईच्या पायाशी बसल्या.

विल्बेरनं बस वळवली. तो पाऊण तास कसा गेला हे सांगता येत नाही. आई मध्येच डोळे उघडायची, कुणाला तरी ‘सावकाश उतरा’ म्हणायची, पुन्हा मिटायची. मी एकसारखी तिच्या नखांचा रंग बघत होते. मनात एकच: हिला मी आणली. हिनं मागितलं नव्हतं. गारगोटीच्या घरात सुखानं भुईमूग फोडत बसली असती. मी मिरवायला आणली हिला, दुसरं काय?

सिकुआनीतला दवाखाना लहान होता. बाकावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, भिंतीला निळा रंग. डॉक्टरचं नाव यानेत, माझ्याच वयाची असेल. तिनं आईला आत घेतलं, ऑक्सिजन लावला, रक्तदाब बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“रक्तदाब खूप खाली आहे. औषधं कोणती घेते?”

“रक्तदाबाची एक. आणि उंचीची गोळी, सकाळ-संध्याकाळ. सगळ्यांनाच दिलीय.”

“त्या गोळीनं लघवी जास्त होते. पाणी किती पिते?”

“भरपूर,” मी म्हटलं. छाती पुढे काढून म्हटलं, देवा! “तीन लिटर. कालपासून तर साडेतीन-चार.”

“चार?” तिनं मान वर केली. “नक्की?”

“मी स्वतः पाहिलंय. प्रत्येक थांब्यावर मी बाटल्या तपासते.”

“शेवटची लघवी कधी केली?”

“सकाळी. हॉटेलात.” हे मी ठोकून दिलं. मला काय माहीत!

डॉक्टर हळूहळू बोलली, मला सगळं कळावं म्हणून. माणूस फार पाणी प्यायला की रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदू सुजतो, माणूस असंच बरळतो. तसं असेल तर वरून सलाइन देणं धोक्याचं. उंचीमुळेही असेल. रक्त घेतलंय, पण प्रयोगशाळेचा माणूस दुसऱ्या गावाहून यायचाय, दीड-दोन तास लागतील. “तोवर एक थेंब पाणी द्यायचं नाही. मागितलं तरी नाही.”

आईनं मागितलं. दोनदा. “पानी,” म्हणाली आणि जीभ ओठांवरून फिरवली. जीभ लाकडासारखी कोरडी. मी म्हटलं, “नको आई, डॉक्टर नको म्हणतायत.” तिनं हट्ट केला नाही, नुसते डोळे मिटले. आयुष्यात एवढं दुष्ट काम मी केलेलं नाही, आणि मला वाटत होतं की मी तिचा जीव वाचवतेय.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. बाकीचे लोक चौकातल्या चर्चपाशी बसले होते. विल्बेर तेवढा दाराशी टोपी हातात धरून उभा होता, आणि बाकावर मोकाशी काकू.

“सेन्योरिता,” विल्बेर म्हणाला, “घाबरू नका. तुमच्या आईला पाचामामा काही होऊ देणार नाही.”

मला देवादिकांचं ऐकायचं नव्हतं.

“खरं सांगतो,” तो म्हणाला. “वीस वर्षं मी प्रवासी नेतोय. आमची माणसंसुद्धा पहिला घोट जमिनीला देतात, एवढासा, आणि बाकीचा पितात. तुमची आई पूर्ण बाटली देते. प्रत्येक थांब्यावर. बसच्या मागे जाते, खाली वाकते आणि सगळं पाणी हळूहळू मातीत ओतते. काल कुस्कोच्या आसपास फिरलो तेव्हा दिवसभर बघितलं. आजही, राक्चीला. असली श्रद्धा मी कुठं पाहिली नाही. मी घरी जाऊन बायकोला सांगणार आहे.”

मला काही उलगडेना. आई? पाचामामाला? आई जोतिबालाही वर्षातनं एकदा जायची, तेही सुट्टी मिळाली तर.

“काय म्हणतोय तो?” काकूंनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. काकूंचा चेहरा उतरला.

“अगं वैजयंती,” त्या म्हणाल्या, “श्रद्धा कसली! ती पाणी पीतच नाहीये.”

“पण बाटली...”

“बाटली रिकामी दाखवायची असते ना तुला! बसच्या प्रवासात आम्ही बायका कुठे पाणी पितो गं? मी माझी निम्मी ह्यांना पाजते. गाडी कुठे थांबेल, कधी थांबेल, तिथं जागा असेल-नसेल... जन्माची सवय. प्रवासाला निघायचं ठरलं की आदल्या संध्याकाळपासून तोंड बंद. तुझ्या आईला तर तू गोळी देतेयस, जिच्यानं सारखं जावं लागतं. ती काय करणार? अजिबातच बंद केलं असेल.”

मी धावले. आतलं दार ढकललं, बाकावरच्या बायका बघत राहिल्या. “डॉक्टर! मी चुकीचं सांगितलं. ती प्यायली नाहीये. काहीच नाही. दोन दिवस!”

“तुम्ही स्वतः पाहिलं म्हणालात.”

“मी रिकामी बाटली पाहिली,” मी म्हटलं. “आईला नाही पाहिलं.”

डॉक्टरनं आईच्या हाताची कातडी चिमटीत धरून वर उचलली. सोडली. कातडी तशीच उभी राहिली. तिनं नर्सला हाक मारली. शीर सापडेना. तिसऱ्यांदा सुई लागली, आणि सलाइन सुरू झालं.

“आता काय?” मी विचारलं.

“आता वाट बघायची. मूत्रपिंडांना दोन दिवस पाणी मिळालेलं नाही, त्यात रक्तदाबाची गोळी चालूच. मूत्रपिंडं बंद पडली असतील तर इथं माझ्याकडे इलाज नाही. कुस्कोला न्यावं लागेल, कदाचित लिमाला. सहापर्यंत लघवी झाली तर सुटलो. नाही झाली तर मी रुग्णवाहिका बोलावते.”

घड्याळात साडेतीन झाले होते.

पहिली बाटली संपली. दुसरी लावली. साडेचारला रक्ताचा रिपोर्ट आला. मीठ पातळ नव्हतं, उलट रक्त दाट झालं होतं. मूत्रपिंडांचा आकडा वाईट होता. मोकाशी काका आले, कागद न काढता उभे राहिले आणि म्हणाले, “बोटीचं मी सगळ्यांशी बोललोय. कुणाची तक्रार नाही. चहा घेतेस का?”

पाचच्या सुमारास आईनं डोळे उघडले. यावेळी तिनं मला ओळखलं. ते मला लगेच कळलं, कारण तिनं आधी आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, “मॅडम, गाडी का थांबवलीय?”

“मॅडम गेली खड्ड्यात!” मी म्हटलं आणि रडू फुटलं. “आई, पाणी का ओतलंस? दोन दिवस! वेडी आहेस का तू? मेली असतीस ना!”

“वरडू नको. माणसं बघत्यात.”

“बघू देत. आधी सांग.”

“काय सांगू?” आईनं तोंड भिंतीकडे केलं. “सोळा वर्सं गाडीवर हुतो. सकाळी घरातनं निघालो की परत घरात. घाटात कुठं काय असतंय बाईमानसाला? पैल्यांदा जड गेलं. मग अंगवळणी पडलं. पानी न्हाई प्यालं की परश्नच न्हाई.”

“पण इथं तू कंडक्टर नव्हतीस! एक शब्द बोलली असतीस, थांबवली असती गाडी.”

“कुठं थांबवली असतीस? आडोशाला झाड तरी हाय का या मुलखात? नुसतं उघडं रान. आन् तुझी पैली टूर. आईसाठी गाडी थांबवली म्हनले असते लोक. तू म्हनलीस न्हवं, लाड न्हाईत.”

म्हटलंच होतं मी.

“सदतीस सूचना लिहिल्यास,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. “किती प्यायचं त्ये लिवलंस. जायचं कुठं त्ये कुठं लिवलं न्हाईस.”

साडेपाच वाजले. तिसरी बाटली अर्धी झाली. डॉक्टर येऊन आईच्या पोटावर हात दाबून गेली, माझ्याकडे बघून मान हलवली. अजून नाही. बाहेर तिनं कुणाला तरी फोन लावलेला मला ऐकू येत होता, रुग्णवाहिका, कुस्को, तीन तास. मी आईचा हात धरून बसले होते. मनात कुठला देव आठवेना. नुसतं म्हणत होते, होऊ दे, होऊ दे, होऊ दे.

सहाला दहा कमी असताना आईनं हात सोडवून घेतला.

“वैजे.”

“काय गं?”

खोलीत दुसऱ्या खाटेवर एक म्हातारा होता, त्याची सून होती, नर्स होती. आईनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. साठ वर्षांची बाई, चालत्या गाडीत दारुड्याची गचांडी धरून खाली उतरवणारी, तिचे कान लाल झाले होते.

“जायाचं हाय मला,” ती म्हणाली.

“डॉक्टर!” मी अशी ओरडले की म्हातारा दचकून उठून बसला. “डॉक्टर, तिला जायचंय! तिला लागलीय!”

“अगं हळू, मेले! लाज हाय का न्हाई?”

“नाही! अजिबात नाही!”

संडास व्हरांड्याच्या टोकाला होता. एका बाजूनं नर्सनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि माझ्या वर केलेल्या हातात सलाइनची बाटली. डॉक्टरनं मापाचं भांडं दिलं. आत दोघीच गेलो. आत जागा एवढीशी, दार लागेना, तेव्हा नर्सनं बाहेरून ते ओढून धरलं.

“तोंड तिकडं कर,” आई म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड केलं. काहीच आवाज नाही. माझा हात अवघडून गेला, बाटली हलायला लागली. बाहेर डॉक्टरच्या चपला थांबलेल्या ऐकू आल्या.

“हुत न्हाई गं,” आई रडवेली होऊन म्हणाली. “भाईर सगळी थांबल्यात. आता ऱ्हाऊ दे. माझ्यासाठी किती येळ खोळंबायचं लोकांनी?”

“थांबू देत, आई,” मी म्हटलं. “आज सगळे तुझ्यासाठीच थांबलेत. कुणालाही कुठं जायचं नाहीये.”

बराच वेळ गेला. मग भांड्यात बारीक धार लागली. आधी थेंब थेंब, तुटक, आणि मग सलग. मी भिंतीला कपाळ टेकवलं आणि हमसून हमसून रडले, हात मात्र खाली येऊ दिला नाही.

“झालं बग, आवरतो आता,” आई घाईघाईनं म्हणाली.

“आवरू नकोस,” मी म्हटलं. “सावकाश होऊ दे. गाडी उभी आहे.”